मळेकरांचं सुतक

आमच्या ह्यांना कुणी नुसतं "काय मळेकर?" म्हटलं तरी छाती दोन बोटं वर यायची. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचे दिवस माझे कधीच गेले, म्हणून सांगून टाकते: कुंडलिक दगडू मळेकर, मुक्काम वेल्हे, गडाच्या पायथ्याला भाताची खाचरं आणि दारात एक टेम्पो. माणूस स्वभावानं गरीब. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. व्यसन एकच, घराण्याचं.

"मी कुंडलिक, माझा बाप दगडू, दगडूचा बाप गेनबा, गेनबाचा सटवाजी, सटवाजीचा राणोजी…" हे सुरू झालं की मी उठून चुलीकडं जायची. एसटीत शेजारी बसलेल्याला सांगायचे, टेम्पोत माल भरणाऱ्याला सांगायचे. एकदा म्हैस अडली म्हणून जनावरांचा डॉक्टर बोलावला, तर म्हैस हंबरतीय आणि हे राणोजीपर्यंत पोचलेले. मी म्हटलं, "अहो, आधी तिचं रेडकू बाहेर येऊ द्या, मग तुमचे पूर्वज काढा!"

पण मान होता, खोटं कशाला बोलू. वर रानात, उंबराखाली मळेकरांच्या मूळपुरुषाचा दगड आहे, शेंदूर लावलेला. आम्ही त्याला वीर म्हणतो. चैत्रात त्याची जत्रा भरते आणि पहिला नारळ आमच्या ह्यांच्या हातचा, कारण सटवाजी हा राणोजीचा थोरला मुलगा, म्हणून आमचं थोरलं घर. भावकीत कुणी गेलं तर दारात पहिलं पाऊल ह्यांचं. दहा दिवस सुतक असं काटेकोर पाळायचे की मला देवापुढं दिवा तर सोडाच, भाजीला फोडणी देतानाही भीती वाटावी. दहाव्याला नदीवर मयताच्या मुलानं केस काढले की त्याच्यामागं दगडावर बसायचा मान ह्यांचाच. टकलावर हात फिरवत घरी यायचे आणि म्हणायचे, "रक्त हाय आपलं. म्हनून लागतं सुतक. सोयऱ्याधायऱ्याला लागत न्हाई." मी म्हणायची, "बरं बाई, रक्त तर रक्त. अंघोळीचं पाणी काढलंय."

आमची एकुलती एक लेक, वैष्णवी. नसरापूरच्या पुढं एका कंपनीत नोकरीला जायची. तिनंच जमवलं, पण रीतसर. मुलगा शिवऱ्याचा, स्वरूप शिवरकर, हायवेला त्यांचं टायरचं दुकान. पोरगा शांत, डोळे खाली घालून बोलणारा. मला बघताक्षणी आवडला. ह्यांनी कुळी विचारली, देवक विचारलं. ते म्हणाले पंचपल्लव. आम्ही म्हटलं आमचं कळंब. आता ज्याला विचाराल त्याचं पंचपल्लवच असतं, मूळचं देवक विसरलं की पाच झाडांची पानं बांधून मोकळे. पण आडनाव वेगळं, गाव वेगळं, मग कशाला कोण खोलात शिरतो? सुपारी फुटली, पत्रिका छापून आल्या.

पहिली पत्रिका मूळपुरुषाला ठेवायची, ही रीत. एका सकाळी हे आणि मी वर रानात गेलो. हातात पत्रिका, हळदकुंकू, नारळ. उंबराजवळ गेलो तर एक माणूस पाठमोरा, दगडापुढं वाकलेला. वळला तर स्वरूपचा काका, इंद्रजित! त्याच्याही हातात नारळ आणि दगडापुढं ठेवलेली पत्रिका. आमच्याच लग्नाची.

"अवो, तुमी हितं कसं?" ह्यांनी विचारलं.

"आबांनी धाडलं," इंद्रजित म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील, स्वरूपचे आजोबा. सगळं शिवरं त्यांना माऊली म्हणतं. "आमचं मूळ ठिकाण हेच. आमच्यात लगीन असलं की पहिली पत्रिका गुपचूप हितं ठेवायची. माझा पणजोबा हितनं भांडून गेला. आडनाव टाकलं, पण वीर न्हाई टाकला, असं आबा सांगत्यात."

"पणजोबाचं नाव?" ह्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"भिवाजी."

भिवाजी हा सटवाजीचा धाकटा भाऊ. आमचे हे इतकी वर्षं घोकत आले होते, "भिवाजी निपुत्रिक गेला." कुणी सांगितलं होतं देव जाणे! तो निपुत्रिक नव्हता, शिवऱ्याला जाऊन नांदला होता. आणि त्याचा पणतू नारळ घेऊन आमच्यासमोर उभा होता. इंद्रजितला अजून कळलं नव्हतं. ह्यांनी बोटावर पिढ्या मोजून सांगितल्या, तेव्हा त्याचंही तोंड उतरलं. दोन्ही बाजूंनी सारख्याच पिढ्या भरल्या. एका भावकीची पोरं. आमच्यात ती चुलत भावंडं, मग कितीही लांबची असोत.

नारळ कुणीच फोडला नाही. तसेच घेऊन खाली उतरलो.

वैष्णवीला सांगितलं तर ती आधी हसली. मग बापाचा चेहरा पाहून तिचं हसू विझलं. "पप्पा, अहो किती जुनं आहे हे! कायद्यानं काहीही अडत नाही. मी विचारलंय."

"कायद्याला जेवाय बोलवायचंय का?" हे ओरडले. "भावाबहिणीचं लगीन लावू व्हय? त्या दगडापुढं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

संध्याकाळी माऊलींचा फोन आला. म्हातारा सज्जन. म्हणाले, "कुंडलिकराव, घाई नको. मला तर आमचं टाकलेलं आडनावबी ठाऊक नव्हतं. तुमी तुमच्या जाणत्या मानसाला इचारा. पन भावकी एकच निघाली तर माझा इलाज न्हाई." वैष्णवी भिंतीला टेकून ऐकत होती. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. ताटावर बसायची, भाकरीचे तुकडे करायची आणि उठायची. फोन वाजला की दचकायची. मी रागानं भांडी आपटायची, दुसरं काय करणार? ज्या राणोजीला मी जन्मात पाहिलं नाही, तो मेला कधीचा, आणि माझ्या लेकीच्या घशाखाली घास जाऊ देत नव्हता.

आमच्या घरातलं जाणतं माणूस एकच उरलेलं, ह्यांची आत्या, अंबूबाई. गेनबाची लेक, कामथडीला दिलेली, नव्वदीला टेकलेली. टेम्पो काढला आणि दोघं गेलो. अंबूबाई ओट्यावर चिंच फोडत बसल्या होत्या. कान थोडे गेलेत, जीभ शाबूत. सगळं ऐकलं, एक चिंचोका बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मंग अडलं कुठं? कर की लगीन."

"आत्ये, भावकी हाय!"

"त्यांची आसंल. तुजी कुठली रं?"

म्हातारी म्हणाली, "माजा बा, गेनबा, आईच्या बोटाला धरून आला. ती रांडमुंड, घाटाखालनं आलेली. सटवाजीनं तिच्यासंगं पाट लावला. त्येला सोताचं मूल झालं न्हाई. त्यानं माज्या बाला लई मायेनं वाडवला, नाव दिलं, घर दिलं. पन रगत न्हाई त्येचं. बा मरस्तवर म्हनायचा, माज्या बापाचं नाव मला ठावं न्हाई."

"म्हातारचळ लागलाय तुला!" हे उठूनच उभे राहिले. आत्यावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"लागू दे," अंबूबाई म्हणाल्या. "तुज्या बायकूला इचार, पितरपाटात पानं किती वाडतीस?"

आमच्या घरी पितृपक्षात दोन पानं वाढतात. एक सटवाजीच्या नावानं. दुसऱ्यावर नाव घेत नाहीत, नुसतं पाणी सोडतात. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "दुसरं पान चुकवू नगंस, कुनाचं ते इचारू नगंस." मी आपली समजले, वाट चुकलेल्या पितराचं असेल. इतकी वर्षं मीच त्या नाव नसलेल्या माणसाला खीर वाढत आले होते.

"खरं हाय," मी म्हटलं. हे माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मीच गेनबाला बोटाला धरून आणलं.

निघताना अंबूबाई म्हणाल्या, "तुमच्या वाडीतल्या अण्णालाबी ठावं हाय. इचार त्येला."

टेम्पोत बसले आणि मला रडू कोसळलं. सुटले ग बाई, असं झालं! रक्त एक नाही, म्हणजे लग्नाला आडकाठी नाही. मी म्हटलं, "आधी वैष्णवीला फोन लावते." ह्यांनी माझा मोबाईल काढून घेतला.

"कुनाला बोलायचं न्हाई."

"अहो, मग लग्न?"

"मोडलं."

"म्हणजे? आता तर—"

"आता तर काय?" टेम्पो रस्त्याच्या कडेला घेऊन त्यांनी बंद केला. "जत्रेला पहिला नारळ कुनाचा? म्या कोन म्हनून फोडला आजवर? चुलत्यांच्या, भावांच्या मयताला डोकी केली, ती कोन म्हनून? गेनबाच्या पलीकडं मला बाप न्हाई, रत्ना. सगळी वाडी हसंल."

मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि तितकाच संतापही आला. शेवटी म्हटलं, "तुमचा मेलेला राणोजी जगवायला जिती लेक मारताय." त्यांनी टेम्पो सुरू केला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. हे रानात गेल्यावर माऊलींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विहीणबाई, माझा तुमच्यावर इश्वास हाय. पन कुंडलिकरावांनी सोता, चार भावकीच्या मानसांत सांगायला पायजे. न्हाईतर उद्या लोक म्हनतील, शिवरकराच्या नातवानं बहीणच बायकू केली. पोरांनी जन्मभर त्ये ऐकायचं का?" त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यानं मला आणखीच धडकी भरली.

वैष्णवीलाही सांगितलं. वाटलं, ही बापाकडं धावत जाईल. पण पोरगी शहाणी निघाली, माझ्यापेक्षा. म्हणाली, "आई, मला हे माहीत आहे असं पप्पांना कळू देऊ नकोस. मी मागितलं तर ते देतील आणि मग जन्मभर माझ्याकडं बघताना त्यांना तेच आठवेल. त्यांचं त्यांना ठरवू दे."

"आणि नाही ठरवलं तर?"

तिनं तोंड फिरवलं. तिच्या खांद्याची हाडं दिसायला लागली होती.

अण्णांना विचारायला हे गेलेच नाहीत. आज जातो, उद्या जातो. आणि एका पहाटे वाडीतून निरोप आला, अण्णा गेले. भावकीतलं सगळ्यात थोरलं माणूस. माझ्या मनात काय आलं ते सांगते, देव मला क्षमा करो. अण्णांबद्दल वाईट नंतर वाटलं, आधी वाटलं, आता जाणणारी एक अंबूबाई उरली, ह्यांना लपवायला रान मोकळं झालं. ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिथंही मला सुटकाच दिसली.

सुतक सुरू झालं. हे नेहमीसारखे पहिले धावले, तिरडीला खांदा दिला, सगळं केलं. मी आपली डोळ्यांत तेल घालून बघत होते. एका सकाळी त्यांनी दाढीचं सामान काढलं, आरसा खिडकीत लावला, ब्रश पाण्यात बुडवला. सुतकात दाढी करत नाहीत. मनात म्हटलं, करा, हो, करा! त्यांनी बराच वेळ आरशात पाहिलं, ब्रश झटकला आणि सामान परत डब्यात ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं.

तिकडं शिवऱ्याहून स्वरूप वैष्णवीला फोन करायचा. ती "हो, ठीक आहे, बघू" एवढंच बोलायची. हे पडवीत बसून ऐकायचे. मग उठून उगाच म्हशीला पाणी दाखवायचे, पाणी प्यायलेल्या म्हशीला. आदल्या दिवशी मी शेवटचं विचारलं, "उद्या केस काढणार?" म्हणाले, "काढाय नको? भावकी काय म्हनंल?" संपलं, मी मनात म्हटलं. वैष्णवीला मात्र ते शब्द सांगायचं धाडस झालं नाही.

दहाव्याला सगळे कानंदीच्या काठावर. एका अंगाला भावकी, उघड्या डोक्यांनी. दुसऱ्या अंगाला सोयरे आणि पाहुणे, टोप्या घालून. आम्ही बायका मागं, झाडाखाली. वैष्णवी घरीच थांबली होती. पाहुण्यांत मला इंद्रजित दिसला. माऊलींनी पाठवलेला, दुखवट्याला म्हणून, पण मला ठाऊक होतं तो काय बघायला आलाय. ह्यांनी एकदा डोकं केलं की तो शिवऱ्याला जाऊन सांगणार, एकच भावकी, खात्री झाली.

ज्ञानू न्हाव्यानं आधी अण्णांच्या मुलाचे केस काढले. वस्तरा पाण्यात बुडवून झटकला आणि नेहमीसारखी हाक मारली, "कुंडलिकदादा, या."

हे उठले. दगडावर जाऊन बसले. सदरा काढलेला, पाठीचा कणा दिसत होता. ज्ञानूनं ओंजळभर पाणी डोक्यावर घातलं, केस चोळले. मी पदराचा बोळा तोंडात धरला. शेजारची म्हणाली, "काय गं, रडतीस?" मी मान हलवली. अण्णांसाठी रडतीय असंच तिला वाटलं असणार.

वस्तरा कपाळाला लागला आणि ह्यांनी ज्ञानूचं मनगट धरलं.

"थांब, ज्ञानू. मला सुतक न्हाई."

"आं?" ज्ञानूला वाटलं दादांना चक्कर आली.

हे उठून उभे राहिले. पाणी तोंडावरून गळत होतं. मोठ्यानं बोलले, पण आवाज फाटत होता. "ऐका समदी. माझा आजा गेनबा, आईच्या बोटाला धरून आला. सटवाजीनं त्याला नाव दिलं, रगत त्याचं न्हाई. म्या मळेकर न्हाई. आजवर तुमी मला ज्यो मान दिला, त्यो माझा नव्हता. म्या चोरला न्हाई, मला ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर आता घेतला तर चोरी हुईल."

कुणी हसलं नाही. पण कुणी "असू द्या, बसा" असंही म्हणालं नाही. एक जण तेवढा पुटपुटला, "मग इतकी वरसं?" अण्णांचा मुलगा ओल्या टकलानं नुसता बघत राहिला. मला वाटलं, देवा, एकानं तरी ह्या माणसाला हात द्यावा.

ह्यांनीच पुढं होऊन इंद्रजितचा दंड धरला, पाहुण्यांतून उठवला आणि दगडाकडं आणला. "ह्यो भिवाजीचा पणतू. रगताचा मळेकर. थोरल्या घराची जागा आता ह्याची." इंद्रजित गांगरला. मग त्यानं टोपी काढली, खिशात घातली आणि दगडावर बसला. ज्ञानूनं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. आणि आमचे हे, ज्यांनी आख्ख्या भावकीची मयतं खांद्यावर वाहिली, ते ओल्या केसांनी पलीकडं गेले आणि पाहुण्यांच्या रांगेत, कडेला, मांडी घालून बसले. बसल्यावर हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मग सदरा मांडीवर घेऊन त्याची घडी घालत राहिले.

आम्ही घरी आलो. वैष्णवी दारात तांब्या घेऊन उभी होती, पाय धुवायला. तिची नजर आधी बापाच्या डोक्यावर गेली. केस होते. अर्धवट वाळलेले, विस्कटलेले, पण सगळे होते. तांब्यातलं पाणी सांडलं. "पप्पा," एवढंच म्हणाली.

त्यांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, आपले पाय आपणच धुतले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "रडू नगं. भिवाजीच्या वंशात तुजं लगीन लागलं की आपल्या घरात मळेकर तू एकटीच."

ती त्यांच्या गळ्यात पडली. मी दोघांना आत घेतलं आणि दार लोटलं.